गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचं वय: डाग, सुरकुत्या आणि उपायांचा योग्य क्रम

दंडाची आतली, काखेजवळची बाजू उजेडात धरा आणि दुसऱ्या हाताचा पंजा उलटा करून तिच्याशेजारी ठेवा. दोन्हीकडची त्वचा एकाच वयाची आहे. तरी दंडाची आतली बाजू मऊ आणि एकरंगी दिसते, तर पंजाची पाठ रापलेली, ठिपके पडलेली आणि चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसणारी. हा जो फरक दिसतो, त्यातला बहुतेक भाग उन्हाने केलेला असतो आणि म्हणूनच तो बऱ्याच अंशी टाळता येतो, काही अंशी मागेही फिरवता येतो.

त्वचेच्या वयाबद्दलचं बरंचसं लेखन गोऱ्या कातडीसाठी झालं आहे. तिथे आधी सुरकुत्या पडतात. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत आधी रंग बिघडतो: गालावर वांग, ओठांभोवती आणि डोळ्यांखाली काळेपणा, गालफडांवर बारीक काळे उंचवटे. सुरकुत्या साधारण दहा वर्षं उशिरा येतात. दुसरा फरक याहून महत्त्वाचा. आपल्या त्वचेला कुठलाही दाह झाला, मग तो पुरळाचा असो, घासण्याचा असो की एखाद्या जहाल क्रीमचा, तिथे काळा डाग पडतो आणि तो महिनोन् महिने टिकतो. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून तेच उपाय त्याच वेगाने इथे केले, तर तरुण दिसायला निघालेला चेहरा आणखी काळवंडतो. खालचा सगळा क्रम या एका गोष्टीभोवती बांधला आहे: त्वचेची जळजळ होऊ द्यायची नाही.

त्वचेच्या आत काय घडतं

त्वचेचा वरचा थर पातळ असतो. तिला आधार देतो तो खालचा जाड थर, त्यातले कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू. वयाबरोबर नवं कोलॅजन बनणं हळूहळू कमी होतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर ही घट एकदम वाढते. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं साधारण ३० टक्के कोलॅजन कमी होतं असं मानलं जातं. हा झाला काळाचा भाग.

उन्हाचा भाग वेगळा. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी (२८० ते ३२० नॅनोमीटर) मुख्यतः वरच्या थरात अडकतात आणि त्वचा भाजतात. यूव्हीए (३२० ते ४०० नॅनोमीटर) खालच्या थरापर्यंत जातात, ढगांतून आणि साध्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात येतात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेल्या कामातून असं दिसलं की त्वचा लालही होणार नाही एवढ्या थोड्या किरणांनीसुद्धा कोलॅजन कापणारी विकरं (एन्झाइम) काही तासांत वाढतात. म्हणजे ‘मला ऊन लागत नाही’ हे वाटणं आणि नुकसान न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज थोडं कोलॅजन तुटतं, दुरुस्ती अर्धवट होते, आणि हे अर्धवटपण साठत जातं.

मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, संरक्षण देतं, पण पुरेसं नाही. अतिशय गडद त्वचेतसुद्धा ते एसपीएफ (सनस्क्रीनवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा) १३ च्या आसपास मोजलं गेलं आहे. आपल्यातल्या बहुतेकांचं त्याहून कमी. शिवाय आपल्या रंगपेशींना डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चालना देतो, विशेषतः त्याचा निळा-जांभळा भाग. या पेशींवर ऑप्सिन-३ नावाचा प्रकाश ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) सापडला आहे. वांग सनस्क्रीन लावूनही का हटत नाही याचं एक मोठं कारण हेच. मोबाइलच्या पडद्याची मात्र भीती बाळगू नका; सूर्याच्या तुलनेत त्याचा निळा प्रकाश नगण्य असतो.

सुरुवात: आधी काय बंद करायचं

नवी क्रीम घेण्याआधी दोन आठवडे फक्त चुकीच्या गोष्टी थांबवा. अनेकांचा निम्मा त्रास इथेच कमी होतो.

केसांचा कलप आणि ‘काळी मेंदी’. दोन्हींत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी दर वेळी खाज-पुरळ होऊनच दिसते असं नाही. काहींच्या कपाळाच्या कडेला, कानांपुढे आणि मानेवर राखाडी-तपकिरी काळेपणा चढत जातो आणि तो वयाचा किंवा उन्हाचा समजला जातो. काळेपणा केसांच्या रेषेजवळ जास्त असेल, तर कलप बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून केलेली ॲलर्जीची चाचणी, करून घ्या. मानेवर थेट फवारलेलं अत्तर किंवा डिओही असाच काळेपणा आणू शकतं; ते कपड्यावर मारा.

घासणं. वजरी तळपायासाठी आहे. चेहरा, मान, कोपर, पाठ यांवर वजरी, जाळीदार घासणी किंवा खरखरीत टॉवेल रोज चालवला की घर्षणानेच त्वचा काळी आणि जाड होते. मग ती ‘मळ’ वाटते आणि आणखी घासली जाते. उटणं दिवाळीत जरूर लावा, पण बेसन किंवा उटणं वाळवून, खसाखसा चोळून काढायची रोजची सवय सोडा.

लिंबू आणि खायचा सोडा. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते ३ असतो, सोड्याचा ८ च्या वर. त्वचेचा स्वतःचा ५ च्या आसपास. लिंबू लावून उन्हात गेलं तर फोड येऊन गडद डाग पडू शकतात.

सर्वांत गंभीर म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ मिश्र ट्यूब. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. नंतर कातडी पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटतो. भारतात हे इतकं सर्रास आहे की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आहे. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती सहज मिळतात. तुम्ही अशी ट्यूब काही महिने वापरत असाल तर एकदम बंद करून घरी सहन करत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने सोडवतात. आणि ज्या डबीवर घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक यांतलं काहीच नाही ती डबी फेकून द्या. अशा क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आणि केरळमध्ये समोर आलेली आहेत.

ऊन: सगळ्या उपायांचा पाया

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात नॅम्बोर इथे ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर झालेला प्रयोग या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा आहे. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, उरलेल्यांनी मनाला येईल तेव्हा लावलं. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्या गटात त्वचेचं वय वाढण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी होतं. ते सनस्क्रीन एसपीएफ १५ चं होतं. फरक पाडला तो ‘रोज’ने.

काय घ्यायचं: एसपीएफ ३० ते ५०, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असा उल्लेख, आणि पीए+++ किंवा पीए++++. एसपीएफ यूव्हीबीबद्दल सांगतो, पीए यूव्हीएबद्दल. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फार अर्थ नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जेल किंवा हलकं लोशन बरं, विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात क्रीम. वांग असेल किंवा डाग लवकर पडत असतील तर रंगीत, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनच घ्या. घटकांत आयर्न ऑक्साइड, किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे क्रमांक शोधा. दिसणारा प्रकाश अडवण्याचं काम हा रंग करतो. बिनरंगी सनस्क्रीन तिथे कमी पडतं.

किती लावायचं, इथे जवळजवळ सगळेच चुकतात. डबीवरचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. चेहरा, कान आणि मानेचा पुढचा भाग धरला तर सव्वा ग्रॅमच्या आसपास होतं. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मुळापासून टोकापर्यंत दोन जाड रेघा ओढल्या की जवळपास तेवढं भरतं. निम्मंच लावलं तर संरक्षण निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. स्वतःची परीक्षा घ्यायला ट्यूबवर तारीख लिहून ठेवा: ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा योग्य लावली तर ४० दिवसांत संपते, दोनदा लावली तर ३ आठवड्यांत. ती सहा महिने पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावलं असं नुसतं वाटतंय. खर्च जड जात असेल तर महागडं सीरम सोडा आणि साधं सनस्क्रीन पुरेसं लावा.

लावायची पद्धत: चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावा, पाच मिनिटं थांबा. एका बोटावरची रेघ ठिपक्यांनी सगळीकडे टेकवा आणि न रगडता पसरवा. ती बसली की दुसऱ्या बोटावरची. कान, कानामागचा भाग, नाकपुड्यांच्या कडा, जिवणीभोवती, मानेच्या बाजू आणि गळ्याखालचा उघडा त्रिकोण हमखास सुटतात. पंजाच्या पाठीला वेगळं लावा. बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटं द्या. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच पुन्हा. घाम आलेल्या चेहऱ्यावर थेट लावलं तर ते गुठळ्या होऊन निघतं. आधी ओल्या रुमालाने टिपा, कोरडं होऊ द्या, मग लावा. दिवसभर खिडकीपासून लांब, घरातच असाल तर सकाळचा एक हात पुरे.

क्रीमपेक्षा कापड भरवशाचं. दुचाकीवर जाताना तोंडाला बांधायचा स्कार्फ आणि सनकोट ही आपल्या बायकांनी स्वतःच शोधलेली उत्तम सोय आहे, फक्त कापड दाट विणीचं हवं. ते दिव्यासमोर धरा. आरपार उजेडाचे ठिपके दिसले तर किरणंही तशीच येतात. पातळ पांढरं सुती कापड घामाने भिजलं की आणखी कमी अडवतं. शेतात किंवा साइटवर काम असेल तर ३ इंच काठाची टोपी आणि तिच्याखाली मानेवर उपरणं हे कुठल्याही ट्यूबपेक्षा जास्त काम करतं. वेळेचा अंदाज सावलीवरून घ्या: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडत असेल तेव्हा किरणं तीव्र असतात.

गाडीत बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकन चालकाचं छायाचित्र आलं. २८ वर्षं मालवाहू गाडी चालवून खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची झाली होती, उजवी बरीच तरुण. पुढची काच दोन थरांची असल्याने यूव्हीए बहुतांश अडवते, बाजूच्या काचेचं तसं नसतं. आपल्याकडे चालकाची उजवी बाजू खिडकीकडे असते. रोज तासन् तास चालवणाऱ्यांनी उजव्या हाताला बाही चढवावी.

ड जीवनसत्त्वाची काळजी असेल तर रक्ततपासणी करून गोळी घ्या. चेहरा त्यासाठी भाजून घेऊ नका.

धुणं आणि ओलावा

साध्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. चेहऱ्यासाठी ५.५ पीएचचा फेसवॉश किंवा सिंडेट (साबण नसलेली, सौम्य) वडी, दिवसातून दोनदा, कोमट पाण्याने. कढत पाणी नको. टॉवेलने टिपून त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. ग्लिसरीन, सिरॅमाइड, पेट्रोलॅटम यांपैकी काही असलेलं साधं, बिनवासाचं पुरतं. खोबरेल तेल हातापायांना उत्तम. चेहऱ्यावर मात्र पुटकुळ्या येणाऱ्यांनी टाळावं.

रेटिनॉइड: सुरकुत्यांवरचं सर्वांत तपासलेलं औषध

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन काम करतं असं दाखवलं. हे अ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप; या घराण्यातल्या औषधांना रेटिनॉइड म्हणतात. ते पेशीतल्या ग्राहकाला चिकटून दोन कामं करतं: कोलॅजन कापणाऱ्या विकरांना आवर घालतं आणि नवं कोलॅजन बनवायला लावतं. शिवाय वरच्या थरातला रंग समान पसरतो, म्हणून डागही फिके होतात. दुकानात मिळणारं रेटिनॉल त्वचेत दोन पायऱ्या बदलून हेच रूप घेतं. म्हणून ते सौम्य आणि मंद. अडापलीन ०.१ टक्का हे मुरुमांचं औषध, पण मुरूम आणि वय दोन्ही असतील तर सोयीचं.

आपल्या त्वचेसाठी सुरुवात रेटिनॉल ०.१ ते ०.३ टक्के, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के. ०.०५ वर जायची घाई नको. कमी ताकदीचं औषध वर्षभर लावणं हे जास्त ताकदीचं तीन आठवडे लावून सोडण्यापेक्षा कितीतरी चांगलं. गरोदर असाल, दिवस राहण्याचा विचार असेल तर रेटिनॉइड पूर्ण बंद. त्या काळात अझेलाइक ॲसिड १० ते २० टक्के हा सुरक्षित पर्याय आहे. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारूनच.

आधी चाचणी: कानामागे किंवा जबड्याखाली सलग पाच-सहा रात्री थोडं लावा. काही झालं नाही तर पुढे.

रात्री चेहरा धुवा आणि २० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या त्वचेत औषध जास्त मुरतं आणि झोंबतं. नाकपुड्यांच्या कोपऱ्यांत, जिवणीच्या टोकांना आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. सोलण्याची सुरुवात तिथूनच होते. मग मॉइश्चरायझरचा पातळ थर. त्यावर वाटाण्याएवढं औषध, पूर्ण चेहऱ्याला एवढंच: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके, बाहेरच्या दिशेने पसरवा. पापण्यांवर नाही. दहा मिनिटांनी पुन्हा मॉइश्चरायझर.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोन रात्री. पुढचे तीन आठवडे तीन रात्री. त्यानंतर एक रात्र सोडून एक. रोजच्यावर यायला तीन-चार महिने लागले तरी चालतील, आणि कधीच रोज जमलं नाही तरी फायदा मिळतोच. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात थोडी साल निघणं, ताण जाणवणं अपेक्षित आहे. जळजळ, सूज किंवा शिवताच दुखणं अपेक्षित नाही. सावळ्या त्वचेवर दाह लाल दिसत नाही, तांबूस-जांभळट किंवा नुसता गडद दिसतो. म्हणून आरशापेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवा. पाणी मारल्यावरही झोंबत असेल तर औषध पूर्ण थांबवा, फक्त मॉइश्चरायझर लावा, आठवडाभराने आधीच्या पायरीवरून सुरू करा. ‘सवय होईल’ म्हणून रेटलं तर जिथे साल निघाली तिथे डाग राहतो.

आणखी काही खाचाखोचा. वरच्या ओठाचं थ्रेडिंग किंवा व्हॅक्सिंग असेल तर त्याआधी पाच ते सात दिवस औषध बंद; नाहीतर व्हॅक्सबरोबर त्वचाही निघते. ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होतं, म्हणून रात्रीच. बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर ते एकाच वेळी लावू नका. अडापलीनला तो त्रास नाही. ज्या रात्री रेटिनॉइड, त्या रात्री ग्लायकोलिक किंवा इतर कुठलंही ॲसिड नाही.

फरक कधी दिसेल? त्वचेचा पोत सहा ते आठ आठवड्यांत, डाग तीन-चार महिन्यांत, बारीक सुरकुत्या सहा महिने ते वर्षात. हसल्यावर पडणाऱ्या खोल रेषा आणि लोंबलेलं गालफड यांवर क्रीमचा फारसा इलाज नाही.

सकाळचं सीरम: हवं तर

ही पायरी ऐच्छिक आहे. क जीवनसत्त्व घ्यायचं तर एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड १० ते २० टक्के, पीएच ३.५ च्या खाली. २० च्या वर शोषण वाढत नाही. त्याच्या जोडीला ई जीवनसत्त्व आणि फेरुलिक ॲसिड असेल तर ते जास्त टिकतं आणि उन्हापासूनचं संरक्षणही वाढतं. आपल्या उकाड्यात ते लवकर बिघडतं, म्हणून छोटी बाटली, फ्रिजच्या दारात. सीरम चहासारखं तपकिरी झालं की टाकून द्या. झोंबत असेल तर त्याऐवजी नायसिनामाइड ४ ते ५ टक्के. ते डाग आणि तेलकटपणा कमी करतं आणि त्वचेच्या संरक्षक थरालाही मदत करतं. १० टक्क्यांच्या बाटलीमागे धावायचं कारण नाही, चेहरा तापण्याची तक्रार तिथेच वाढते.

वांग वेगळा हाताळा

दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखे पसरलेले तपकिरी चट्टे म्हणजे बहुधा वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरातली प्रवृत्ती आणि ऊन यांचा त्यात वाटा असतो. तो आटोक्यात येतो, पण सहज उलटतो, म्हणून त्याची तयारी मधुमेहासारखी दीर्घकाळाची ठेवावी लागते.

टिंटेड सनस्क्रीन आणि अझेलाइक ॲसिड हा पाया. त्यावर डॉक्टर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि सौम्य स्टेरॉइड यांचं त्रिमिश्रण देतात. हे औषध चांगलं आहे, पण ते साधारण आठ आठवड्यांचं, देखरेखीखालचं. चिठ्ठी संपल्यावर तीच ट्यूब वर्षभर आणत राहणं हा घात. हायड्रोक्विनोन दीर्घकाळ चालवलं तर राखाडी-निळसर काळेपणा येतो आणि तो जवळजवळ हटत नाही. चिवट वांगासाठी ट्रानेक्सॅमिक ॲसिडची २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने दिली जाते. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास आहे, जे गर्भनिरोधक गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगितलंच पाहिजे.

मान, काखा आणि कपाळाच्या बाजूंचा जाडसर, मखमली काळेपणा मात्र वांग नाही आणि उन्हाचाही नाही. तो बहुतेक वेळा शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा. वजन कमी झालं की तो स्वतःहून फिकट होतो. बोटांच्या सांध्यांवर काळेपणा वाढला असेल आणि आहार शाकाहारी असेल तर बी१२ पाहा.

क्लिनिकमधले उपाय

घरचा क्रम किमान तीन-चार महिने नीट चालल्यावरच इकडे वळा. सनस्क्रीनची शिस्त नसताना पील (ॲसिडने वरचा थर सोलणं) किंवा लेझर केलं तर पैसे जातात आणि डाग वाढतात.

ग्लायकोलिक पील २० ते ३५ टक्क्यांपासून, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने, मोजून काही मिनिटं ठेवून निष्प्रभ केलं जातं. ऑनलाइन मिळणारी पीलची बाटली घरी लावणं म्हणजे चेहरा भाजण्याला आमंत्रण. गालावरच्या बारीक काळ्या उंचवट्यांना लोक चामखीळ किंवा तीळ म्हणतात. ते निरुपद्रवी असतात आणि विजेच्या बारीक सुईने सौम्यपणे जाळून निघतात. लेझरमध्ये फ्रॅक्शनल (त्वचेवर बारीक ठिपक्यांनी मारा करणारं) कार्बन डायऑक्साइड खोल काम करतं, पण आपल्या त्वचेत नंतरच्या काळेपणाचा धोका बराच. कमी ऊर्जा, जास्त बैठका, आणि कानाजवळ एक ठिपका करून चार आठवडे थांबणं, एवढा आग्रह धरा. मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला टोचे देणं, त्या मानाने सुरक्षित. लग्नकार्याच्या तोंडावर यातलं काहीच नको. शेवटची बैठक किमान दोन-तीन महिने आधी.

भुवयांमधल्या आठ्या स्नायूंमुळे पडतात, म्हणून त्यांवर क्रीम चालत नाही, बोट्युलिनम टॉक्सिन चालतं. जीन आणि अलिस्टर कॅरुथर्स या कॅनडातल्या डॉक्टर दांपत्याने १९९२ मध्ये हा उपयोग प्रसिद्ध केला, २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या जागी पाच ठिकाणी मिळून साधारण २० युनिट. परिणाम तीन ते सात दिवसांत सुरू, तीन-चार महिने टिकतो. खोलगट गालांसाठी हायलुरोनिक ॲसिडचे फिलर, म्हणजे खोलगट जागा भरायला टोचलं जाणारं जेल. ते सहा महिने ते दीड वर्ष टिकतात. चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टी जाते. टोचल्यावर त्वचा पांढरी पडणं, वाढती वेदना, जाळीसारखा जांभळट रंग, अंधुक दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्या क्षणी डॉक्टरांना सांगा. हायलुरोनिडेज देऊन ते विरघळवता येतं, पण वेळ फार कमी असतो. क्लिनिकमध्ये ते औषध ठेवलेलं आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सुई हातात घेणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावी, ब्युटी पार्लरची प्रशिक्षित कर्मचारी नव्हे. महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि ती तपासता येते.

गोरेपणासाठी शिरेतून दिली जाणारी ग्लुटाथायोनची इंजेक्शनं घेऊ नका. पुरावा तुटपुंजा आणि जोखीम खरी. कोलॅजनच्या पावडरीचा फायदा झालाच तर थोडा. त्या पैशात आधी रोजच्या जेवणातलं डाळ-उसळ-अंड्याचं प्रमाण नीट करा. विडी-सिगारेट मात्र थेट कोलॅजन तोडते, आणि गुटखा-सुपारीने गाल आतून आखडतात.

फोटो आणि धोक्याच्या खुणा

आरसा रोज फसवतो. दर चार आठवड्यांनी त्याच खिडकीशी, सकाळच्या त्याच वेळी, फिल्टर बंद करून समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो काढा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा आणि तिची तारीख फोटोबरोबर लिहा. नाहीतर कशाने फरक पडला आणि कशाने डाग पडला हे कळत नाही.

चार आठवड्यांत न भरणारी जखम, चेहऱ्यावरची मोत्यासारखी चमकणारी किंवा काळी, मधूनच रक्त येणारी गाठ, आकार-रंग बदलणारा तीळ, यांना क्रीम लावत बसू नका. आपल्या लोकांमध्ये मेलानोमा हा दुर्मीळ पण घातक कर्करोग उन्हाच्या जागी कमी आणि तळपायावर, तळहातावर, नखाखाली जास्त सापडतो. नखाखाली नवी काळी रेघ आली, रुंद होत गेली किंवा तिचा रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरला, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.